शाळेचे दप्तर आणि पानांमधल्या चिठ्ठ्या : नाशिकमधील एका जतनसेवेचा अनुभव

जुन्या नाशिकमधील आमच्या शाळेने शंभरी ओलांडली तेव्हा स्मरणिकेसाठी जुने कागद हवेत म्हणून कार्यालयामागची खोली बऱ्याच वर्षांनी पूर्ण रिकामी करण्यात आली. त्या दिवशी व्हरांड्यात मांडलेले दप्तर पाहून, निवडक पानांचे फोटो काढून भागणार नाही, हे मुख्याध्यापिका बाईंच्या आणि आम्हा माजी शिक्षकांच्या लक्षात आले. जनरल रजिस्टरे, हजेरीपट, फीची पुस्तके, रोजकीर्दी, तपासणी अधिकाऱ्यांची शेरेबुके आणि आवक-जावक नोंदवह्या मिळून 112 खंड भरले आणि त्यांची पाने जवळपास 24 हजार निघाली. या दप्तराची सफाई, दुरुस्ती, स्कॅनिंग आणि सूची करण्याचे काम नाशिकमध्येच चालणाऱ्या एका लहान सेवेकडे देण्यात आले. दिवाळीनंतर सुरू झालेले काम एप्रिलअखेर पुरे झाले. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेला शिक्षक म्हणून समितीच्या वतीने रोज तिथे बसण्याची जबाबदारी माझ्याकडे होती, त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते सर्व माझ्या डोळ्यांसमोर घडलेले आहे. सेवेचे नाव मी देत नाही, कारण दुसऱ्या टप्प्याचा करार अजून व्हायचा आहे आणि इतर शाळांना नावापेक्षा कामाची पद्धत कळणे अधिक उपयोगाचे आहे.

शाळेच्या दप्तराचा उपयोग इतिहासापुरता असतो असे मानणाऱ्यांनी एखाद्या जुन्या शाळेच्या कार्यालयात जून महिन्यात तासभर उभे राहावे. जात पडताळणीसाठी अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागास वर्गांना 13 ऑक्टोबर 1967 या मानीव दिनांकांपूर्वीचा, म्हणजे पुराव्यासाठी ठरवून दिलेल्या तारखांपूर्वीचा, पुरावा लागतो. ज्या घरात शेतजमीन नाही, त्या घरासाठी आजोबांचे किंवा पणजोबांचे शाळेतील नाव हाच बहुधा एकमेव लेखी पुरावा असतो. सप्टेंबर 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदींसाठी समिती नेमली गेली आणि पुढे तिचे काम राज्यभर विस्तारले, तेव्हा शाळांची जनरल रजिस्टरे पुन्हा पुन्हा उघडली गेली. आमच्याकडेही एकेका रजिस्टराची तीच ती पाने इतक्यांदा उलटली गेली की कोपरे भाकरीच्या पापुद्र्यासारखे सुटू लागले. ज्या कागदाची गरज सर्वांत जास्त, तोच कागद हाताळणीने सर्वांत आधी संपतो, ही दप्तराची खरी अडचण आहे आणि कोणत्याही जतनसेवेची परीक्षा याच ठिकाणी होते.

आधीच्या पिढीने काही केले नाही असेही नव्हते. जे केले ते प्रेमाने केले, पण त्यातील बरेच कागदाला बाधले. मानाची म्हणून निवडलेली काही पाने एका दुकानातून प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करून आणली होती. ती आतल्या आत तपकिरी झाली आहेत आणि उष्णतेने चिकटलेला तो थर सोडवताना कागदही फाटेल, म्हणून त्यांना आता हातच लावता येत नाही. फाटलेल्या ठिकाणी लावलेल्या सेलोटेपचा डिंक पिवळा पडून अक्षरांत मुरला आहे. डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीत इतका भरला होता की सफाईचे पहिले दोन दिवस मुलींनी दारे उघडी ठेवून काम केले. त्यात खोली तळमजल्यावर. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले यावरून गोदावरीचा पूर मोजणाऱ्या गावात दप्तर तळमजल्यावर ठेवणे हा मोठाच धोका होता. 2008 आणि 2016 च्या पुरांत पाणी खोलीत शिरले नाही, परंतु भिंतींना आलेली ओल खालच्या फळीवरील खंडांच्या कडांवर आजही दिसते.

काम देण्यापूर्वी आम्ही दोन ठिकाणांहून नमुना करून घेतला. दोघांनाही 1918 सालचा एकेक हजेरीपट दिला. पहिल्या ठिकाणाहून दोन दिवसांत अतिशय स्वच्छ, सरळ, उजळ अशी पाने पेन ड्राइव्हवर आली आणि सोबत एक पाकीट आले. त्या पाकिटात हजेरीपटाच्या पानांमधून निघालेल्या सगळ्या सुट्या चिठ्ठ्या एकत्र ठेवलेल्या होत्या. पालकांचे रजेचे अर्ज, गैरहजेरीची कारणे, दंड माफ केल्याचे शिक्षकांचे शेरे अशा त्या चिठ्ठ्या कोणत्या पानावर, कोणत्या मुलाच्या नावासमोर टाचलेल्या होत्या, हे त्या क्षणापासून कायमचे पुसले गेले होते. कित्येक चिठ्ठ्यांवर तारीख नव्हती, मुलाचे पूर्ण नाव नव्हते. फक्त ‘चिरंजिवास ताप असल्याने’ एवढेच होते. चिठ्ठी जागेवर असती तर तिचा अर्थ लागला असता.

दुसरे नमुनाकाम या सेवेने केले. त्यांनी आठ दिवस घेतले आणि पाने पहिल्याइतकी उजळ नव्हती, कारण त्यांनी कागदाचा मूळ रंग तसाच राखला होता. परंतु त्यांनी प्रत्येक चिठ्ठी जागेवर असतानाचे एक चित्र, ती उचलल्यावर खालच्या पानाचे दुसरे चित्र आणि चिठ्ठीच्या दोन्ही बाजूंची स्वतंत्र चित्रे घेतली होती. गंजलेली टाचणी काढून चिठ्ठी आम्लरहित कागदाच्या पाकिटात घातली होती, पाकिटावर शिसपेन्सिलीने खंड व पान क्रमांक लिहिला होता आणि पाकीट त्याच पानाशी परत ठेवले होते. 1918 च्या ऑक्टोबरात इन्फ्लुएंझाची साथ मुंबई इलाख्यात शिगेला पोहोचली होती. त्या पटात तिसऱ्या आठवड्यापासून रकाने कोरे आहेत, आणि ज्या पानावर ते कोरे होतात तिथेच वर्ग बंद ठेवण्याची हाताने लिहिलेली सूचना टाचलेली आहे. पुढे नोव्हेंबरात काही नावांवर आडवी रेघ आहे. रेघेचे कारण पटात लिहिलेले नाही, ते तीन नावांसमोरच्या चिठ्ठ्यांत आहे. पहिल्या ठिकाणी असा पट गेला असता तर कोरे रकाने एका फाइलमध्ये, सूचना दुसरीकडे आणि चिठ्ठ्या पाकिटात, अशी त्या महिन्याची तीन शकले झाली असती. समितीतील दोन सदस्यांचा कल कमी दराकडे होता, पण हे पान पाहिल्यावर कोणीही दराचा विषय काढला नाही.

पेशवे दप्तरातील गठ्ठ्यांना ज्याप्रमाणे रुमाल म्हणतात आणि कोणता कागद कोणत्या रुमालात सापडला हे अभ्यासक आवर्जून नोंदवतात, तीच शिस्त शाळेच्या कागदालाही लागते, हे मी वर्गात अनेकदा सांगितले असेल. प्रत्यक्षात ती पाळणारी माणसे मात्र मला इतक्या उशिरा भेटली.

सफाई आणि दुरुस्तीच्या कामाबद्दल माझे मत निःसंदिग्धपणे चांगले आहे. प्रत्येक खंड आधी वेगळा ठेवून कसर, वाळवी आणि बुरशीसाठी तपासला गेला. मऊ कुंचल्याने बांधणीकडून कडेकडे धूळ काढली गेली आणि औषध फवारण्याचा मोह टाळला गेला. दुरुस्ती करणाऱ्या ताईंनी आम्हाला समजावून दिले की जुन्या वह्यांतील निळी-काळी शाई बहुतेक लोहयुक्त असते, ती हळूहळू कागद खाते, आणि अशा पानावर ओली खळ लावली तर शाईतील लोह पाण्याबरोबर पसरून नुकसान वाढते. म्हणून त्यांनी सर्वच पानांना सरसकट एक उपाय केला नाही. साध्या फाटींना गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ आणि तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला जपानी टिश्यू वापरला. जिथे शाईने कागदाला छिद्रे पडली होती ती पाने नुसती आधाराच्या कागदांमध्ये ठेवली आणि तशी नोंद केली. खळ पुन्हा पाण्याने सोडवता येते, म्हणजे पुढे कोणाला अधिक चांगला उपाय सापडला तर आजची दुरुस्ती आड येणार नाही. प्लास्टिकच्या लॅमिनेशनचे परिणाम पाहिल्यानंतर या एका गुणाचे मोल आम्हाला वेगळे सांगावे लागले नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीची रजिस्टरे 1940 नंतरच्या रजिस्टरांपेक्षा अधिक शाबूत निघाली, याचे अनेकांना आश्चर्य वाटले. चिंध्यांचा लगदा वापरलेला कागद टिकाऊ असतो. लाकडाच्या लगद्याचा, तुरटी आणि राळ लावून केलेला स्वस्त कागद स्वतःच आम्ल निर्माण करतो आणि त्या आम्लानेच ठिसूळ होतो. युद्धकाळातील टंचाईत घेतलेल्या वह्या तर हात लावताच तुटत होत्या. सेवेने हे ओळखून कामाचा क्रम बदलला आणि सर्वांत जुन्या खंडांऐवजी सर्वांत कमकुवत खंड आधी घेतले. आम्ही तसे सांगितले नव्हते. तो निर्णय त्यांचा होता आणि योग्य होता.

स्कॅनिंगसाठी वरून चित्र घेणारे यंत्र आणि इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा पाळणा वापरला गेला, त्यामुळे जाड खंड सपाट दाबून त्यांची बांधणी मोडण्याची वेळ आली नाही. मजकुराची पाने 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) आणि छायाचित्रे 600 डीपीआयला घेतली. मूळ प्रत टिफ या, चित्रातला तपशील न गमावणाऱ्या स्वरूपात आणि रोजच्या वापराची प्रत पीडीएफमध्ये दिली. रजिस्टराचे एक मोठे पान रंगीत टिफमध्ये साधारण 50 एमबीचे होते, म्हणून 24 हजार पानांना एक टीबीहून अधिक जागा लागते. नुसत्या पीडीएफवर भागवा असे सुचवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की दाबून लहान केलेल्या चित्रात फिकट शिसपेन्सिलीचे शेरे सर्वांत आधी नाहीसे होतात, आणि शेऱ्याच्या रकान्यातच शाळेचा खरा इतिहास दडलेला असतो.

इथेच या सेवेची पहिली चूक झाली. सुरुवातीच्या 9 खंडांत कडा आपोआप कापण्याची सोय चालू राहिल्यामुळे समासातील मजकूर अर्धवट कापला गेला. ‘फी माफ’, ‘नाव पुन्हा दाखल’, ‘वडिलांची बदली’ अशी समासातली टिपणे दिसेनाशी झाली होती. ही चूक त्यांच्या तपासणीत सापडायला हवी होती. ती सापडली आमच्या कार्यालयातील लिपिक भाऊंना, एका दाखल्याची नोंद शोधताना. निदर्शनास आणल्यावर मात्र त्यांनी वाद न घालता नऊही खंड पुन्हा स्कॅन केले आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. त्यानंतर प्रत्येक चित्रात पानाच्या चारही कडा आणि बाजूला रंगपट्टी दिसलीच पाहिजे, असा नियम त्यांनी स्वतःच घालून घेतला.

सूचीच्या कामाबद्दल मी इतका समाधानी नाही, आणि सूचीच सर्वांत महत्त्वाची असल्यामुळे ही तक्रार लहान नाही. चित्र कितीही स्पष्ट असले तरी ज्या नोंदीपर्यंत पोहोचता येत नाही ती नोंद खोलीतल्या धुळीत होती तशीच राहते. करारानुसार जनरल रजिस्टरातील प्रत्येक विद्यार्थ्याचा रजिस्टर क्रमांक, पूर्ण नाव, जन्मतारीख, प्रवेशाची व शाळा सोडल्याची तारीख संगणकात भरायची होती. जुनी रजिस्टरे वळणदार इंग्रजीत आहेत आणि नोंदी भरणारी मुले नाशिकची असली तरी त्यांना ते वळण वाचण्याची सवय नव्हती. त्यामुळे गायधनींचे गायधारी झाले, एकाच घराण्यातील तीन भावांची आडनावे तीन प्रकारे भरली गेली आणि जुन्या पद्धतीने लिहिलेल्या सात व एक या अंकांची अदलाबदल होऊन काही जन्मवर्षे सहा वर्षांनी पुढे-मागे झाली. आम्ही 500 नोंदी मूळ पानांशी ताडून पाहिल्या आणि चुका इतक्या आढळल्या की संपूर्ण सूची परत पाठवावी लागली. दुसऱ्या वेळी त्यांनी दोन व्यक्तींकडून स्वतंत्रपणे नोंदी भरून घेतल्या आणि जिथे दोघांत फरक आला तिथे तिसऱ्याने मूळ पान पाहिले. ही पद्धत पहिल्यापासून असायला हवी होती. नोंदी भरण्याचा दर स्कॅनिंगच्या दराच्या जवळपास दुप्पट होता आणि त्या पैशात दुहेरी तपासणी गृहीत धरण्याचा आम्हाला अधिकार होता.

एक गोष्ट त्यांनी आमच्या आग्रहाविना केली, ती इथे नमूद केली पाहिजे. आडनाव आज ज्या पद्धतीने लिहिले जाते ते एका रकान्यात आणि मूळ रजिस्टरात जसे आहे तसे दुसऱ्या रकान्यात त्यांनी ठेवले. पडताळणी समितीपुढे मूळ लेखनच ग्राह्य असते, त्यामुळे शोधण्याच्या सोयीसाठी मूळ नोंद दुरुस्त करून टाकणे धोक्याचे ठरले असते.

रोजकीर्दी आणि काही पत्रव्यवहार मोडीत आहे. त्याचे स्कॅनिंग उत्तम झाले, वाचन मात्र झाले नाही, कारण त्यांच्याकडे मोडी वाचणारे कोणी नव्हते आणि हे त्यांनी आम्हाला करारानंतर सांगितले. आधी सांगितले असते तर आम्ही तशी तजवीज केली असती. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडी प्रशिक्षणाचे वर्ग घेते आणि शिकून तयार झालेली माणसे मिळू शकतात. आमच्याच दोन माजी विद्यार्थिनींनी आता ते शिकायला घेतले आहे. त्या रोजकीर्दींत रुपये, आणे आणि पैंचे हिशेब आहेत. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आल्यानंतरही काही काळ लिपिकाने दोन्ही हिशेब शेजारी शेजारी मांडलेले दिसतात. फीमाफीची रक्कम कोणत्या वर्षी वाढली आणि ती कोणाच्या देणगीतून आली हे या वह्यांशिवाय दुसरीकडे कुठेही सापडणार नाही.

प्रती कोणाकडे राहाव्यात, यावर आमची त्यांच्याशी सर्वांत लांब चर्चा झाली. कराराच्या छापील मसुद्यात सर्व चित्रांची एक प्रत सेवेकडे ‘सुरक्षिततेसाठी’ राहील असे कलम होते. जनरल रजिस्टरात जन्मतारीख, जात, पालकांचा व्यवसाय, वर्तणुकीचे शेरे असे सर्व काही असते आणि त्यातील कित्येक व्यक्ती आज हयात आहेत. 2023 चा वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा नसता तरीही शिक्षक म्हणून मला ते कलम मान्य झाले नसते. आम्ही ते काढायला लावले, आणि त्यांनी काढले. आता एक प्रत शाळेत, दुसरी वेगळ्या प्रकारच्या माध्यमावर संस्थेच्या मुख्य कार्यालयात आणि तिसरी नदीपासून दूर, नाशिकरोडला आहे. प्रत्येक फाइलचा चेकसम क्रमांक, म्हणजे फाइल बिघडली किंवा बदलली तर ते ओळखता येणारा आकडा, सूचीत आहे आणि दर सहा महिन्यांनी तो ताडून पाहायचा आहे. पहिली तपासणी त्यांनी करून दिली आणि आमच्या लिपिक भाऊंना ती शिकवली, तीही घाई न करता, तीन वेळा.

मूळ खंड आता पहिल्या मजल्यावर, बाहेरच्या भिंतीपासून हात-दीड हात सोडून, लोखंडी मांडणीत आहेत. सर्व खंडांसाठी आम्लरहित पेट्या घेणे आम्हाला परवडणारे नव्हते. सेवेने पेट्या विकण्याचा आग्रह न धरता फक्त 30 कमकुवत खंडांना पेट्या सुचवल्या आणि उरलेल्यांसाठी खळ धुऊन काढलेल्या मांजरपाटाचे रुमाल शिवून घ्यायला सांगितले. लाल खारवा परंपरेने वापरला जातो, पण ओल लागली तर त्याचा रंग पानांवर उतरतो, म्हणून बिनरंगी कापड. शाळेच्या शिवणवर्गातील मुलींनी ते रुमाल शिवले. शिपाईमामांना पावसाळ्यात खोलीच्या खिडक्या कधी उघडायच्या आणि कधी नाही याचा एक कागद लिहून दिलेला आहे आणि आर्द्रतामापकाचा आकडा ते रोज सकाळी वहीत लिहितात.

27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, काही पाने विद्यार्थ्यांसमोर मांडली तेव्हा मूळ पानांऐवजी त्याच आकाराचे छापील नमुने ठेवले गेले, कारण शाईला 50 लक्सपेक्षा अधिक प्रकाश फार वेळ सोसत नाही. बहुतेक पाहुणे शाळेच्या नामवंत विद्यार्थ्यांची पाने शोधत होते, आणि ते स्वाभाविकच आहे. आठवीतला एक मुलगा मात्र बराच वेळ 1918 च्या पटासमोर उभा होता. त्याने मला विचारले, “सर, या मुलांची नावं नंतरच्या पटात आहेत का?” आम्ही दोघांनी सूचीत शोधले. तीनपैकी एक नाव पुढच्या जूनमध्ये पुन्हा दाखल झालेले सापडले, समासात ‘आजारातून बरा’ असा शेरा होता. आधी कापल्या गेलेल्या आणि पुन्हा स्कॅन झालेल्या नऊ खंडांपैकीच तो एक खंड होता.

उरलेल्या छायाचित्रांचा आणि शेरेबुकांचा दुसरा टप्पा याच सेवेला द्यावा असे समितीने ठरवले आहे. नव्या करारात तीन गोष्टी आधीच लिहून घेतल्या जात आहेत: नोंदी पहिल्यापासून दोघांनी भरायच्या, मोडी मजकूर आमच्या वाचकांकडे महिन्याच्या आत पोहोचवायचा, आणि छायाचित्रांमागे पेन्सिलीने लिहिलेली नावे समोरच्या चित्राइतक्याच काळजीने स्कॅन करायची.